एक मुलगी, चौदा वर्ग: 1974 सालच्या एका शाळेतल्या साथीचा अभ्यास

1974 च्या वसंतात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, न्यूयॉर्क शहरापासून दूर असलेल्या उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेत गोवराची साथ आली. इमारत आधुनिक होती आणि वर्गांमध्ये हवा खेळवायला मध्यवर्ती यंत्रणा होती. पटावरच्या 97 टक्के मुलांना गोवराची लस टोचलेली होती. साथ येऊच नये अशी ही शाळा.

तरीही दुसरीतल्या एका मुलीपासून 28 मुलांना लागण झाली, आणि ही मुलं 14 वेगवेगळ्या वर्गांतली होती. पुढच्या दोन फेऱ्यांत एकूण आकडा 60 वर गेला आणि मग साथ ओसरली. ई. सी. रायली, जी. मर्फी आणि आर. एल. रायली या तिघांनी या साथीचा हिशेब मांडला. 1978 साली तो ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’त छापून आला, आणि बंद जागेत हवेतून पसरणाऱ्या आजारांचं गणित करणारे आजही त्याच मांडणीचा आधार घेतात.

शाळेतल्या हंगामी आजारांबद्दल बोलायला मी गोवराचं प्रकरण घेतोय, सर्दी-फ्लूचं नाही, याला कारण आहे. सर्दीत कोणाची कोणाला लागली हे शोधणं जवळपास अशक्य असतं. निम्मा वर्ग शिंकत असतो, विषाणू डझनावारी असतात आणि डॉक्टरकडे कोणी जातही नाही. गोवर मात्र लपत नाही. अंगभर पुरळ येतं, तारीख सांगता येते, आणि त्या तारखेवरून मागे मोजत गेलं की लागण कधी झाली याचा अंदाज बांधता येतो. गोवर हंगामीही आहे. लस येण्याआधीच्या इंग्लंड-वेल्समधल्या आठवडी नोंदी पाहिल्या तर शाळेला सुट्टी लागली की आकडे खाली येतात आणि शाळा उघडली की पुन्हा चढतात. त्या साथीचं वेळापत्रक बऱ्याच अंशी शाळेच्या वेळापत्रकावरच चालायचं.

पुरळ येण्याआधीचे दिवस

लागण झाल्यावर साधारण 10 ते 12 दिवस काहीच होत नाही. मग ताप, खोकला, वाहणारं नाक, लाल डोळे. या टप्प्यावर कसलेल्या डॉक्टरलाही ते साधं पडसं वाटू शकतं, मग शिक्षकांना काय दोष देणार! पुरळ त्यानंतर दोन ते चार दिवसांनी उठतं. आणि रुग्ण दुसऱ्यांना लागण देऊ लागतो तो पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून.

म्हणजे ‘पुरळ दिसलं की घरी पाठवा’ हा नियम पाळूनही शाळा उशिराच जागी होते. हे दिवस पकडता येतील ते एकाच खुणेवर, ती म्हणजे ताप. अंगात ताप असताना मूल घरी राहिलं, तर गोवर आहे की फ्लू हे कळायच्या आधीच संसर्गाचे बरेचसे दिवस शाळेबाहेर जातात. यासाठी तपासणी लागत नाही. लागते ती घरच्यांना रजा, आणि मुलाला ‘बुडालं तरी चालेल’ असं सांगणारी शाळा. पूर्ण हजेरीचं बक्षीस देणारी शाळा मुलांना नेमकं दुखणं अंगावर काढायला शिकवते. ते बक्षीस बंद करायला पैसे पडत नाहीत, तरी ते बंद झालेलं फारसं दिसत नाही.

एकाच मुलीपासून 28 जणांना लागण झाल्यामुळे साथीचा आकारही वेगळा झाला. लागण आणि पुरळ यांत साधारण दोन आठवडे जातात. त्यामुळे मधल्या काळात शाळेत सगळं आलबेल दिसतं, आणि मग थोड्याच दिवसांत पोरं पटापट आजारी पडतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकदम पेटल्यासारखं वाटतं. आग लागलेली असते दोन आठवडे आधीच.

97 टक्के कशाचे?

या प्रकरणातला सगळ्यात फसवा आकडा हाच. खोटा नाही, पण तो टोचलेल्या सुया मोजतो. शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली का, हे त्यातून कळत नाही.

अमेरिकेत गोवराची लस 1963 साली आली. तेव्हा ती नवव्या महिन्यात द्यावी अशी शिफारस होती. 1965 मध्ये ती बाराव्या महिन्यावर गेली आणि 1976 मध्ये पंधराव्या. हे वय पुढे सरकत गेलं त्याला कारण आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज). बाळाच्या रक्तात ती पहिले काही महिने असतात आणि बाळाचं रक्षण करतात. पण लसीतला जिवंत, सौम्य केलेला विषाणूही तीच मारून टाकतात. लस टोचली जाते, कार्डावर शिक्का पडतो, आणि शरीर काहीच शिकत नाही. या शाळेतल्या बऱ्याच मुलांना वर्षाच्या आत लस दिलेली होती, हे अभ्यासात स्पष्ट नोंदवलं आहे.

शंभर मुलांची शाळा धरून हिशेब करू. नवव्या महिन्यात दिलेला एक डोस सुमारे 85 टक्के मुलांना संरक्षण देतो. सगळी लस त्याच वयात दिलेली असेल, तर 97 मुलांपैकी साधारण 82 सुरक्षित. न टोचलेली तीन मिळवली की 18 मुलं उघडी, म्हणजे संरक्षण नसलेली. वर्षानंतर दिलेला एक डोस सुमारे 93 टक्के काम करतो. तेव्हा उघडी मुलं दहाच्या आसपास राहतात. दोन डोस झाले तर परिणामकारकता 97 टक्क्यांपर्यंत जाते आणि उघडी मुलं उरतात सहा. तिन्ही शाळांच्या दप्तरात आकडा एकच: 97 टक्के. गोवर थोपवायला साधारण 95 टक्के लोक खरोखर सुरक्षित लागतात, हे लक्षात घेतलं की पहिली आणि तिसरी शाळा यांत किती अंतर आहे ते कळतं.

नऊ महिन्यांचा डोस मूर्खपणाचा आहे असा याचा अर्थ नाही. जिथे गोवर सतत फिरतो तिथे वर्षापर्यंत थांबणं म्हणजे सगळ्यात नाजूक वयात बाळाला उघडं ठेवणं. म्हणून तिथे पहिला डोस लवकर देतात आणि दुसरा न चुकता. अमेरिकेने सर्व मुलांसाठी दुसऱ्या डोसाची शिफारस 1989 मध्ये केली. 1974 साली, या शाळेच्या वेळी, अशी सरसकट शिफारस नव्हती.

शाळेच्या दप्तरात म्हणून ‘लस घेतली: हो/नाही’ एवढा रकाना पुरत नाही. किती डोस आणि कोणत्या तारखेला, हे दोन रकाने हवेत. फ्लूच्या लशीला तर तारीख अधिकच महत्त्वाची, कारण ती दर हंगामाला नव्याने घ्यावी लागते. मागच्या वर्षीचा ‘हो’ या वर्षी फार कामाचा नसतो.

छतातून आलेली हवा

शेजारी बसणाऱ्याला लागण झाली तर कोणी चकित होत नाही. पण 14 वर्ग? दुसरीतली मुलगी इतक्या वर्गांतल्या मुलांजवळ कितीशी बसणार?

अभ्यासकांनी लागणीच्या तीन वाटा वेगळ्या करून मोजल्या: स्वतःच्या वर्गातली हवा, यंत्रणेतून फिरून दुसऱ्या वर्गांत गेलेली हवा, आणि शाळेच्या बसमधली हवा. बोट जोरात रोखलं गेलं ते दुसऱ्या वाटेकडे. इमारतीतल्या हवेचा मोठा हिस्सा बाहेर न जाता आतल्या आतच फिरत होता. वर्गांतून ओढायची, गरम करायची, पुन्हा वर्गांत सोडायची. इंधन वाचवायला हे चांगलंच, कारण बाहेरची थंड हवा तापवायला खर्च येतो. पण त्या वाटेवर विषाणू अडवेल असं काही नसेल, तर एका वर्गाचा खोकला छतातल्या हवेच्या नळांतून सगळ्यांच्या वाट्याला येतो. त्या काळी अशा यंत्रणांमध्ये असलेल्या गाळण्या साधारणपणे धूळ अडवण्यापुरत्याच असत.

तिघांपैकी रिचर्ड रायली यांना ही वाट नवी नव्हती. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी आणि विल्यम फर्थ वेल्स यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डमधली हवा नळाने वरच्या खोलीतल्या गिनीपिगांपर्यंत नेली होती. प्राण्यांचा रुग्णांशी दुसरा कसलाच संबंध नव्हता, तरी त्यांना क्षय झाला. ज्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील दिव्यांचा मारा केला, तिथल्या प्राण्यांना झाला नाही. शाळेत गिनीपिगांच्या जागी मुलं होती, आणि प्रयोग कोणी ठरवून केलेला नव्हता.

हवा दुप्पट केली असती तर?

इथे थोडं गणित करतो, कारण याच जागी बहुतेक चर्चा गोल गोल फिरते. वेल्स यांनी ‘क्वांटम’ असं एक माप मानलं होतं. म्हणजे एक विषाणू नव्हे, तर लागणीला पुरणारी मात्रा. प्रत्येक उघड्या मुलाने सरासरी एक क्वांटम श्वासावाटे घेतला तर सुमारे 63 टक्के मुलांना लागण होते. या मुलीच्या श्वासातून मिनिटाला जवळपास 93 क्वांटा (क्वांटमचं अनेकवचन) बाहेर पडत होते, असं गणितातून निघालं. हा आकडा अचाट आहे. तिच्यापासून लागण झालेली मुलं साधारण दहापट कमी संसर्गजन्य निघाली, असंही साथीच्या पुढच्या चालीवरून दिसलं.

आता उदाहरणापुरता एक वर्ग घ्या, ज्यात मिनिटाला 10 घनमीटर ताजी हवा येते. मूल मिनिटाला साडेपाच लिटर हवा श्वासात घेतं असं धरू. 93 क्वांटा सोडणाऱ्या मुलीबरोबर एक तास बसलं, तर उघड्या मुलाला लागण होण्याची शक्यता 95 टक्के. हवा दुप्पट केली तर 78. दहापट केली, जे व्यवहारात होत नाही, तर 26.

म्हणजे या मुलीच्या स्वतःच्या वर्गाला खिडक्या उघडून फारसं वाचवता आलं नसतं. त्या मुलांना वाचवणारी गोष्ट एकच, वेळेवर घेतलेली आणि शरीराने उचललेली लस.

पण पुढच्या 28 जणांचं काय? ती मुलं दहापट कमी संसर्गजन्य. त्यांच्यापैकी एकाबरोबर त्याच वर्गात एक तास बसलं तर शक्यता 26 टक्के, आणि हवा दुप्पट केली की 14. जवळजवळ निम्मी. सर्दी, फ्लू आणि हिवाळी खोकल्याचे बहुतेक विषाणू गोवरापेक्षा पुष्कळ कमी लागट, म्हणजे ते गणिताच्या याच भागात येतात. ‘हवा खेळती ठेवली तरी गोवर पसरलाच ना’ असं म्हणून खिडकी बंद करणारा माणूस, आणि ‘खिडकी उघडी आहे, आता लस कशाला’ म्हणणारा माणूस, दोघंही एकाच गणिताची दोन टोकं धरून भांडत असतात.

दूरच्या वर्गांचीही तीच गोष्ट. नळांतून येणारी हवा तिथे पोचेपर्यंत पातळ झालेली होती, तिथल्या मुलांच्या वाट्याला येणारी मात्रा कमी होती, म्हणून तिथे बाहेरची हवा वाढवणं किंवा फिरणारी हवा बारीक गाळणीतून नेणं यांचा उपयोग मोठा झाला असता. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या मानकात वर्गासाठी बाहेरच्या हवेची किमान मात्रा 1981 मध्ये माणशी मिनिटाला 5 घनफूट होती, ती 1989 मध्ये 15 झाली. साथीच्या काळासाठी 2023 मध्ये वेगळं मानक निघालं. त्यात वर्गासाठी माणशी मिनिटाला 40 घनफूट स्वच्छ हवा सांगितली आहे, आणि ती बाहेरूनच यायला हवी असं नाही, गाळून मिळवली तरी चालते.

नळांची यंत्रणा नसलेल्या शाळांनी हुश्श करायचं कारण नाही. दारं-खिडक्या घट्ट लावलेला वर्ग म्हणजे शंभर टक्के आतल्या आत फिरणारी हवा, फक्त एका खोलीपुरती. थंडी पडली किंवा पाऊस लागला की खिडक्या बंद होतात, आणि श्वसनाच्या आजारांचा मोसमही बऱ्याच ठिकाणी तेव्हाच असतो. कार्बन डायऑक्साइडचं छोटं मीटर वर्गात ठेवलं तर हे दिसतं. बाहेरच्या हवेत तो साधारण 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420 भाग) असतो. भरल्या वर्गात आकडा 800 च्या वर चढत राहिला तर मुलं एकमेकांचा श्वास घेतायत असं समजावं. अर्थात वर्गात हवा गाळणारं यंत्र असेल तर मीटरला ते कळत नाही. वायू गाळणीतून आरपार जातो, विषाणू अडकतात.

बस

तिसरी वाट बसची, आणि तिला एक जुनी गोष्ट चिकटलेली आहे. 1937 ते 1941 या काळात वेल्स यांनी फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या शाळांमध्ये वर्गांच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावले होते. 1941 च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांमध्ये रोग स्पष्टपणे कमी पसरला. मग हाच प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण शाळांमध्ये झाला, तेव्हा साथ थोडी रेंगाळली, पण शेवटी आजारी मुलांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दिवे निकामी ठरले, असा बोलबाला झाला. पुढे लक्ष वेधलं गेलं ते एका साध्या फरकाकडे: ग्रामीण शाळांमधली मुलं रोज एकत्र बसमधून येत-जात होती. वर्गात सांभाळलेलं बसमध्ये सांडत होतं.

रायलींनी 1974 च्या साथीच्या हिशेबातही बसला वेगळा रकाना दिला. शाळांच्या आरोग्य-नियमांत मात्र बस अजूनही वाहतूक विभागाची असते, आणि तिची खिडकी किती उघडायची हे चालक ठरवतो.

शंका

हे सगळं एका साथीवरून बांधलेलं आहे, आणि 93 चा आकडा कोणी यंत्राने मोजलेला नाही. किती मुलं आजारी पडली, किती उघडी होती, किती हवा येत होती, यावरून तो उलटा काढलेला आहे. उघड्या मुलांचा अंदाज चुकला तर तोही हलतो. शिवाय मुलं वर्गाबाहेरही भेटतात. मैदान, गॅलरी, स्वच्छतागृह, शेजारची घरं. अशी वाट पूर्ण नाकारता येत नाही. तरी 14 वर्गांतून एकाच लाटेत आलेली 28 मुलं केवळ मैदानावरच्या गाठीभेटींनी समजावून सांगायची तर बरीच ओढाताण करावी लागते, आणि म्हणून मला नळांची वाटच अधिक पटते.

हात धुण्याचं काय, असं कोणी विचारील. उलट्या-जुलाबाच्या साथीत हात धुणं हा मुख्य उपाय आहे, तिथे साबणाला पर्याय नाही. सर्दीतही उपयोग होतो. पण भिंतीवर हात धुण्याचा तक्ता लावला की शाळेला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि खिडकीचा विषय मागे पडतो, असा माझा अनुभव आहे. या शाळेतल्या मुलांनी तासातासाला हात धुतले असते तरी नळांतून येणाऱ्या हवेला त्याचा पत्ता लागला नसता.

संपर्कात कोण आलं?

आज कुठल्याही शाळेत गोवराचा रुग्ण निघाला की आरोग्य यंत्रणा पहिल्यांदा संपर्कांची यादी मागते, आणि तिथे घड्याळ चालू होतं. संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. ज्यांना लस देता येत नाही अशा गर्भवती शिक्षिका, तान्ही बाळं किंवा प्रतिकारशक्ती खालावलेले लोक, यांच्यासाठी प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन असतं, तेही सहा दिवसांच्या आत. लस न घेतलेल्या मुलांना साधारण 21 दिवस घरी ठेवायला सांगतात.

पण यादीत कोणाची नावं लिहायची? सवयीने आजारी मुलीचा वर्ग लिहिला जातो, फार तर बाकावरच्या मैत्रिणी आणि बसमधली मुलं. गोवराचे कण माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत लागट राहू शकतात, तेव्हा तिच्यानंतर त्याच खोलीत आलेली दुसरी तुकडीही यादीत हवी. आणि 1974 च्या त्या शाळेसारखी हवा सगळ्या इमारतीत फिरत असेल तर संपूर्ण पट, शिक्षक आणि शिपायांसह. तो अख्खा पट 72 तासांत तपासायचा तर प्रत्येक नावासमोर डोसांच्या तारखा आधीच लिहिलेल्या असाव्या लागतात, आणि कोणत्या वर्गाची हवा कोणत्या वर्गात जाते हे सांगू शकणारा एक तरी माणूस शाळेत हवा. तो बहुधा मुख्याध्यापक नसतो. यंत्रणेची देखभाल करणाऱ्या माणसाचा फोन नंबर आरोग्य-वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा.